हितसंबंध आधी, मत नंतर

आमच्या सोसायटीतील दिगंबर खांबेटे यांनी विजेच्या एका इस्त्रीबद्दल इंटरनेटवर लिहिलेला अभिप्राय असा सुरू होतो: ‘निवेदन. समीक्षकाचे गुडघे कालपासून दुखत आहेत. आज संकष्टी असल्यामुळे तो उपाशी आहे. शिवाय सकाळी पाण्याच्या टाकीवरून सोसायटीच्या सचिवांशी त्याचा वाद झाला आहे. इस्त्रीला गुण कमी पडले असे वाटल्यास वाचकांनी अर्धा तारा स्वतःच्या जबाबदारीवर वाढवून घ्यावा.’

यानंतर इस्त्रीविषयी चार ओळी आहेत.

खांबेटे खडकीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या सहीशिवाय तेथून माल बाहेर पडत नसे. निवृत्तीनंतर सहीला काम उरले नाही, तेव्हा त्यांनी ऑनलाइन मिळणारी यंत्रे तपासायला घेतली. यंत्र स्वतः विकत घ्यायचे, नव्वद दिवस वापरायचे आणि मगच लिहायचे, हा त्यांचा नियम. वरच्या मजल्यावरचा मंदार एकदा त्यांना विचारायला गेला, “काका, हा फोन घेऊ का?”

“नव्वद दिवसांनी ये.”

नव्वद दिवसांनी तो फोन बाजारातूनच गेला होता. “बघ, तुझा निर्णय सोपा झाला,” खांबेटे म्हणाले.

“हितसंबंध आधी, मत नंतर,” हे त्यांचे आवडते वाक्य. पंख्याच्या दुकानातून ते एकदा रिकाम्या हातांनी आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. “बाई, घोटाळा झाला. दुकानदारानं चहा दिला आणि मी प्यायलो. आता त्याचा पंखा तपासता येणार नाही.”

“अहो, अर्धा कप चहा!”

“पण चांगला होता हो. तोच तर घोटाळा आहे.”

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रयोग करणाऱ्याचे बोट तराजूला लागलेले नाही ना, हे आधी पाहावे, असे मुलांना दरवर्षी सांगत असे. लागलेले बोट बहुतेक माणसे लपवतात. खांबेटे ते वर करून जगाला दाखवतात. एवढ्या एका गुणासाठी मी त्यांचे बाकी सर्व सहन करत आले आहे.

गेल्या वर्षी त्यांनी श्रवणयंत्र तपासले. त्यांचा डावा कान कारखान्यातच मंद झालेला, त्यामुळे परीक्षक आणि परीक्षानळी दोन्ही घरचीच होती. नव्वद दिवसांनी त्यांनी यंत्राला पाच तारे दिले. त्यांनी पाच तारे दिल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

पुढे एके दिवशी दुपारी दोन वाजता माझ्या दाराची घंटा वाजली. आमच्या गल्लीत एक ते चार या वेळेत कोणी कोणाची घंटा वाजवत नाही. दारात खांबेटे होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

“बाई, माझी सही चुकली.”

कागदावर लोणी काळभोरच्या वैशाली नावाच्या एका वाचक मुलीचा मजकूर होता. ‘काका, तुमचे सगळे रिव्ह्यू वाचते. तुमच्या भरवशावर आईसाठी कानाचं मशीन घेतलं. तिला माझं बोलणं अजिबात ऐकू येत नाही. तुम्हीपण कंपनीकडून पैसे घेऊन लिहायला लागलात का?’ शेवटचे वाक्य खांबेट्यांनी लाल पेनाने अधोरेखित केले होते.

“एखादं यंत्र सदोष निघतं,” मी म्हणाले.

“ते पाहिल्याशिवाय कसं म्हणणार? उद्या लोणीला जाऊ. तुम्ही साक्षीदार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने लोणीला गेलो. वैशालीचे घर सोलापूर रस्त्याला अगदी लागून होते. तिची आई अनुसयाबाई ओट्यावर बसल्या होत्या. “पावनं, च्या घ्या,” त्या म्हणाल्या.

“तपासणी होईपर्यंत नको,” खांबेटे म्हणाले.

“काय म्हनत्यात गं ह्ये?” अनुसयाबाईंनी लेकीकडे पाहिले.

खांबेट्यांनी आवाज चढवून विचारले, “आपल्याला यंत्रातून ऐकू येतं का?”

“येतंय की! समद्या गाड्या येत्यात. टरक तर डोक्यातनंच जातो. माझी लेक तेवढी येत नाय.”

खांबेट्यांनी यंत्र पुसून स्वतःच्या डाव्या कानात घातले, उजव्या कानात बोट घातले आणि वैशालीला काही वाक्ये बोलायला सांगितली. ती बोलत राहिली आणि ते तिच्या ओठांकडे पाहत राहिले. मग यंत्र काढून ते म्हणाले, “वैशालीताई, मलाही फक्त गाड्याच ऐकू आल्या. यंत्र सदोष नाही, माझ्याकडच्यासारखंच आहे. माझी तपासणी खोटी होती.”

परतीच्या बसमध्ये मी त्यांची तपासणीच्या नोंदींची वही मागून घेतली. भिंतीवरचे घड्याळ: ऐकू आले. गळका नळ: ऐकू आला. खिडकीतले कबूतर: स्पष्ट. फरशीवर पडलेला चमचा: उत्तम. वेळ सर्वत्र दुपारी एक ते चार.

“तुम्ही आपल्या गल्लीची शांतता तपासलीत,” मी म्हणाले. आणि मग माझ्या लक्षात आले. “खांबेटे, या सगळ्या नोंदींत माणसाचा आवाज कुठंच नाही.”

“घरात बोलणार कोण, बाई?” पुढची नोंद वाचून दाखवावी तसे ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दुरुस्ती लिहायला त्यांनी नव्वद दिवस लावले नाहीत. त्याच संध्याकाळी ती प्रसिद्ध झाली: ‘चाचणी शांत वेळेत, बंद गल्लीत, एकट्या माणसाच्या घरी झाली. नव्वद दिवसांत तेथे कोणी बोलले नाही, हे समीक्षकाच्या ध्यानात आले नाही. घड्याळ ऐकण्यासाठी यंत्र उत्तम आहे. माणूस ऐकायचा असल्यास आधी तज्ज्ञाकडून कान तपासावा. पाचही तारे परत घ्यायचे होते; संकेतस्थळ शून्य देऊ देत नाही, म्हणून एक उरला आहे.’

दोनच दिवसांत विक्रेत्याचा फोन आला. खांबेट्यांनी मला ऐकू यावे म्हणून स्पीकर लावला. “सर, तेवढी दुरुस्ती काढा ना. नवीन मॉडेल फ्री पाठवतो.”

“पाठवा. पण तेही लिहावं लागेल. आपलं नाव मी लिहून घेतलंय, फोनची वेळही. आडनावाचं स्पेलिंग सांगता का?”

फोन ठेवला गेला.

वैशालीने दुरुस्ती वाचली. ‘तो प्रश्न मागे घेते, काका,’ असे तिने खाली लिहिले आणि आईला हडपसरच्या एका तज्ज्ञाकडे नेले. त्याने कान तपासून, मोजमाप घेऊन दुसरे यंत्र बसवले. त्या यंत्राची पाहणी करायला खांबेटे दर गुरुवारी वही घेऊन लोणीला जाऊ लागले.

नव्वद दिवस पूर्ण झाले, तेव्हा मी त्यांचा अभिप्राय मुद्दाम उघडला. ‘निवेदन. समीक्षक दर गुरुवारी या घरी जातो. त्याला चहा मिळतो, भाकरी वाढली जाते. एका गुरुवारी तो गेला नाही, तेव्हा का आला नाही हे विचारायला अनुसयाबाईंनी स्वतः फोन केला आणि त्याचे उत्तर त्यांना ऐकू आले. या यंत्राबद्दल मत देण्यास समीक्षक आता कायमचा अपात्र आहे.’

त्याखाली यंत्राविषयी एकही ओळ नव्हती.