जगदाळे सरांचं ‘एक काढ’

रस्त्यात फ्लेक्स दिसला की जगदाळे सर स्कूटर थांबवतात, एक डोळा मिटतात आणि हात लांब करून तळव्यानं त्यातला एकेक चेहरा झाकून बघतात. मागच्या रिक्षावाल्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी ढिम्म हलत नाहीत.

हे फ्लेक्स बहुतेक माझेच असतात. उस्मानपुऱ्यात माझं छपाईचं दुकान आहे आणि आर्ट कॉलेजात मी सरांचाच विद्यार्थी. त्यामुळे सुटका नाही. रोज दुपारी सर स्टुलावर येऊन बसतात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुक न्याहाळतात आणि म्हणतात, "एक काढ."

"सर, ज्याला काढीन तो मारायला येईल."

"येऊ दे की. पोस्टर तर वाचंल."

हे वेड पोलंडचं. वैजापूरकडचा हा शेतकऱ्याचा मुलगा तरुणपणी स्कॉलरशिपवर वॉर्साला गेला. तिथल्या आर्ट स्कूलमध्ये पोस्टर शिकवायला चित्रकार असत. सिनेमाच्या पोस्टरवर नटाचा फोटो चिकटवायचा नाही. सिनेमा बघून मनात जे उरलं ते रंगवायचं, अक्षरंसुद्धा हातानं. सरांचे प्राध्यापक कुणाच्या चित्राला हात लावत नसत. मागं उभं राहून एवढंच म्हणत, यातलं एक काढ. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की आता मलाही तिथली थंडी वाजते.

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मात्र हे कधी पटलं नाही. सरांनी घरात लावलेल्या पोस्टरवर नुसती रिकामी खुर्ची आहे. "यात माणूस कुठंय?" त्या विचारायच्या. त्यांना माझे फ्लेक्स आवडायचे. ओळखीची तोंडं एका जागी दिसतात म्हणायच्या.

गेल्या महिन्यात काकू गेल्या. चौथ्या दिवशी सर पिशवीभर फोटो घेऊन दुकानात आले.

"श्रद्धांजलीचा फ्लेक्स कर. फुलं, समई, समदं टाक. तिला माणसं लई लागायची रे."

दूधवाला, भाजीवाली, भिशीच्या बायका, शेजारची तिन्ही बिऱ्हाडं. सर एकेक फोटो पुढं करत होते आणि मला स्क्रीन नीट दिसत नव्हता.

"सर, तुमचा फोटो?"

"मी नको. एक काढायलाच पाहिजे."

याही वेळी मी सरांचं ऐकलं नाही. ते गेल्यावर कॉलेजच्या जुन्या मासिकातला त्यांचा फोटो शोधला आणि काकूंच्या अगदी खाली, मधोमध लावला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. सरांनी स्कूटर थांबवली, एक डोळा मिटला, हात लांब केला. तळव्यानं स्वतःचा चेहरा झाकला. मग हात बाजूला घेतला. परत झाकला. मी फ्लेक्सखालीच उभा होतो.

शेवटी हात खाली आला. माझ्याकडं न बघता सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे."