भिंगरीची नजर

पहिली गिरकी घेतली की भिंगरी आरशासमोर थांबायची, दुसरी घेतली की पियानोसमोर. त्या शनिवारी तिने हट्टाने तिसरी घेतली आणि ती थेट वर्गाबाहेर, चपलांच्या रॅकपाशी जाऊन थांबली. बॅलेच्या वर्गातल्या बाकीच्या मुली शाळा-कॉलेजातल्या. त्या तिला मावशी म्हणत, म्हणून तोंडावर कोणी हसलं नाही.

भिंगरी हे थोरल्या भावाने ठेवलेलं नाव. लहानपणी ती सरळ चालतच नसे, गरगर फिरतच घरभर हिंडे. पुढे ती बॅले शिकली, चांगली शिकली. मग लग्न झालं, मुलगी झाली, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवण्याची नोकरी लागली, आणि नाच जो सुटला तो सुटलाच. मुलगी शाळेत रुळल्यावर आता कुठे तिने पुन्हा वर्गात नाव घातलं होतं. अंग हळूहळू वळायला लागलं, पण गिरकी काही केल्या हाती येईना.

"पाय ठीक आहेत तुमचे. नजर भटकते," नाच शिकवणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. अंग फिरत असताना डोळे समोरच्या एकाच ठिकाणी रोखायचे, अगदीच नाइलाज झाला की मान झटक्यात फिरवून पुन्हा तिथेच आणायची, म्हणजे चक्करही येत नाही आणि तोलही जात नाही. हे भिंगरीला माहीत नव्हतं असं नाही. पण पोहणंही सगळ्यांना काठावरून माहीतच असतं.

वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता. तोवर दुहेरी गिरकी जमली तर पहिल्या रांगेत उभं करते, असं बाई म्हणाल्या. "नाहीच जमली, तर छोट्यांच्या नाचात एक झाड लागतंय. झाडाला फिरावं लागत नाही."

हे झाड भिंगरीच्या फार जिव्हारी लागलं. घरी येताच तिने हॉलमधलं टेबल भिंतीला सरकवलं. नजर रोखायला नवऱ्याने मोठ्या मनाने स्वतःचं नाक देऊ केलं आणि तो सोफ्यावर चहा घेऊन बसला. पण सख्खी बायको सारखी डोळे वटारून आपल्याकडे बघते आहे म्हटल्यावर त्याला आधी हसू आलं, मग उचकी लागली, आणि भिंगरी चहासकट त्याच्या मांडीवर आली. शर्ट बदलून आल्यावर त्याने नाक परत घेतलं.

उरली खिडकी. गल्ली अरुंद होती आणि पलीकडे बरोबर समोर एका निवृत्त काकांची बाल्कनी होती. काकांशी ओळख म्हणजे दिसले तर मान हलवण्यापुरती. बाल्कनीत अडगळ इतकी, की काकांना तिथे आडवं होऊन शिरावं लागे. त्या पसाऱ्यात एक लालभडक झारी अगदी डोळ्यांच्या रेषेत टांगलेली होती. भिंगरीने झारीवर नजर रोखली, फिरली, आणि पहिल्यांदाच जिथून निघाली तिथेच पोचली.

दोन-चार दिवस ती खुशीत होती. मग एका सकाळी गिरकी घेऊन बघते तो झारी गायब, आणि ती स्वतः कपडे वाळत घालायच्या स्टँडमध्ये. तिने मोडक्या पिवळ्या छत्रीवर नजर धरली, ती दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली. बिनपात्यांचा पंखा गेला. व्यायामाची सायकल गेली. ज्यावर म्हणून नजर ठेवावी ते उचललं जात होतं. नवरा म्हणाला, "नजर लागते तुझी. माझं नाक वाचलं म्हणायचं."

शेवटी बाल्कनीत फक्त काका उरले. भिंगरीने नाइलाजाने त्यांच्या भरघोस मिशीवर नजर ठेवली. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मिशी नव्हती.

मात्र रोज नवी जागा शोधून शोधून तिची नजर अशी तयार झाली होती, की वर्गात एक मुलगी नेमकी आरशासमोर येऊन उभी राहिली, तरी भिंगरीने तिच्या कपाळावरच्या पुळीवर डोळे रोखून दुहेरी गिरकी घेतली आणि जागच्या जागी थांबली. बाईंनी झाडासाठी दुसरं माणूस बघितलं.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या काकू. काकूंनी बसायच्या आधीच विचारलं, "आमच्या ह्यांचं काही चुकलं का?" मग सगळं बाहेर आलं. खिडकीचा कठडा उंच असल्यामुळे तिकडून भिंगरीचं नुसतं डोकंच दिसे. ते डोकं एखाद्या वस्तूकडे रोखून बघायचं आणि मान झटकायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा झटकायचं. काका पडले भिडस्त. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपतंय म्हणून ते एकेक वस्तू भंगारात देत गेले, आणि शेवटी मिशीवर वस्तरा फिरवला.

भिंगरी ओशाळली. काकूंना तिने नाचाचं सगळं सांगितलं, गिरकीही घेऊन दाखवली, आणि काकांची माफी मागायला आत्ताच येते म्हणून चप्पल पायात घातली. काकूंनी तिचा हात धरला.

"बस गं बाई. लग्न झाल्यापासून सांगतेय, ती मिशी काढा, तो पसारा काढा. माझं ऐकलं नाही ते तुझ्या एका मानेचं ऐकलं. आता दोन खुर्च्या टाकल्यात बाल्कनीत, रोज चहा घेतो तिथे. त्यांनाही आवडतंय, फक्त कबूल करत नाहीत." मग जरा पुढे सरकून त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या बेडरूमची खिडकी दिसते का गं तुला?"

ती स्वयंपाकघरातून दिसत होती. शिवाय बाईंनी आता डावीकडची गिरकीही मागितली होती.

सोमवारी भिंगरी स्वयंपाकघरात उभी राहिली. समोरच्या खिडकीत बंद पडलेल्या रेडिओंची चळत होती. ती अजून हात ताणतच होती, तेवढ्यात काका खिडकीशी आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वरचा रेडिओ दोन्ही हातांनी उचलून धरला आणि भुवया उंचावल्या. त्यांच्या मागे काकू हात जोडून उभ्या होत्या.

भिंगरीने गिरकी घेतली नाही. तिने काकांकडे नीट पाहिलं आणि शांतपणे नकारार्थी मान हलवली, राहू द्या.