माळ्यावरची परभणी

मला सोपानभाऊंनी मदत केली, हे आधी सांगून टाकते. काय मदत केली ते पुढे येईलच. पण माझं असं आहे, सांगता सांगता धास्तीने डोकं भलतीकडे जातं, गॅस बंद केला का, मुलाला डबा दिला का, आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच राहून जातं. म्हणून नाव पहिल्यांदा. सोपानभाऊ. मुक्काम लोणावळ्याजवळचं कुसगाव, कॉलेजकडे चढणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला पत्र्याची शेड. दारात गादी उभी असली की दुकान उघडं समजायचं.

भाऊंचा धंदा जुन्या सामानाचा. शेवटच्या वर्षाची मुलं परीक्षा संपवून आपापल्या गावाला निघाली की गादी, बादली, खुर्ची, टेबलफॅन एवढं सगळं कोण गाडीत घालून नेणार? ते भाऊ घेतात. पुढे नवी मुलं आली की त्यांना विकतात. इथवर कुठल्याही दुकानदारासारखंच. पण भाऊ वस्तूकडे बघायच्या आधी मुलाच्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "पास का नापास?"

"निकाल लागायचाय अजून, भाऊ."

"मंग पेपर कसं गेलं त्ये सांग. आन् गाव कुटलं?"

मग जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू फाडून चिठ्ठी तयार होते. तिच्यावर गाव, शाखा, किती वर्षं राहिला, आणि शेवटी एखादा शेरा. 'अबोल.' 'उधळ्या, पण मनाचा चांगला.' चिठ्ठी सुतळीने वस्तूला बांधली की त्या वस्तूचं जुनं नाव संपलं. तिथून पुढे ती खुर्ची खुर्ची राहत नाही, तिचं नाव नाशिक.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवीनच आले होते इकडे. दुधाची पिशवी घेऊन शेडसमोरून चालले होते, तर आतून भाऊंचा आवाज आला, "अकोल्याला ऊन दावा. नाशिकचा पाय मोडलाय, त्याला उलटा टांगा. आन् लातूरला फिनेल घालून भिजत ठिवा." मी परभणीची. लातूर आमच्या बाजूचंच. पाय उचलला ती खोलीवर येऊन थांबले.

आमचे हे कॉलेजच्या गेटवर सिक्युरिटीला आहेत. संध्याकाळी त्यांना सांगितलं, तर ते जेवता जेवता हसले. म्हणाले, "अकोला म्हणजे गादी. लातूर म्हणजे बादली. माणूस साधा आहे गं, आंदर मावळातला. घाबरू नकोस." घाबरू नकोस हे मला रोज कुणीतरी सांगतंच. त्याने फरक पडत नाही.

पुढे मी मुलींच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले आणि येता-जाता भाऊंची ओळख झाली. माझं गाव विचारलं, शिक्षण विचारलं नाही, म्हणून मला ते आवडले. तेव्हापासून मला पण त्यांनी नाव दिलं. "काय परभणी, झाल्या का पोळ्या?"

गिऱ्हाइकाशी मात्र त्यांचं वागणं बघण्यासारखं. एकदा एक मुलगा गादी घ्यायला आला. भाऊ म्हणाले, "सकाळचा कवा उठतोस?"

"नऊ वाजता."

"मंग ही सोलापूर तुला न्हाई द्यायची. ही पाचला उठनाऱ्याची गादी हाय. तुमचं दोघांचं जमायचं न्हाई."

"काका, गादी आहे ती."

"वस्तूला मान्सं कळत्यात," भाऊ म्हणाले आणि त्याला कोपऱ्यातली उस्मानाबाद दिली. ती म्हणे दुपारपर्यंत झोपणाऱ्याची, तरी तिचा मालक चारी वर्षं एका दमात पास.

आणखी एकदा पुण्याहून एक गृहस्थ आले, मुलीला सोडायला. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्यांना टेबल हवं होतं. भाऊंनी टेबलाचं घराणंच सांगायला घेतलं. हे टेबल जळगावचं, त्याच्या आधी मिरजेचं, मिरजेची मुलगी गणितात पहिली, जळगावची जरा रडकी, पण अक्षर मोत्यासारखं. ते गृहस्थ ऐकून ऐकून शेवटी म्हणाले, "अहो, टेबल विकताय की स्थळ दाखवताय?"

"तेच की," भाऊ शांतपणे म्हणाले. "चार वरसं हिच्यापाशी राहायचंय त्याला. आधी बसून बघ म्हणावं पोरीला."

मुलगी बसली. टेबल गेलं. भाऊंनी चिठ्ठीवर जळगावखाली पुण्याचं नाव लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली.

शेडमध्ये वर एक लाकडी माळा आहे. त्यावर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं सामान ओळीने ठेवलेलं. लोणावळ्याच्या दमट हवेत खालच्या गाद्यांना बुरशी येते, पण माळ्यावरच्या एकाही वस्तूला कधी ओल लागलेली मी पाहिली नाही. तिथे दोन बल्ब कायम लावलेले असतात. एखाद्या मुलाची नजर वर जायची, एखादा छान दिवा दिसायचा. "भाऊ, तो केवढ्याला?"

"त्यो इकायचा न्हाई. त्यो मानूस येनार हाय."

"कधी?"

"येनार हाय म्हनलं न्हवं."

मला वाटायचं, कुणी पैसे भरून ठेवून गेलं असेल. एवढंच.

आता माझी गोष्ट. आमच्या खोलीत बाळाचा पाळणा बांधायचा होता, तेव्हा जागा करायला म्हणून मी माझी पत्र्याची ट्रंक भाऊंना विकली. लग्नातली ट्रंक. वर दोन साड्या होत्या त्या काढून घेतल्या. खाली माझी नववीची पुस्तकं आणि कंपासपेटी होती, ती तशीच राहू दिली. रद्दीच ती, काढून काय करायचं, असं त्या दिवशी वाटलं. भाऊंनी सवयीप्रमाणे विचारलं, "पास का नापास?"

मी म्हटलं, "नववीत पंधरा दिवस गेले. आई आजारी पडली, घरच्या भाकरी माझ्याकडे आल्या. मग राहिलंच."

भाऊंनी चिठ्ठी लिहिली, पाठ फिरवून लिहिली, मला दिसली नाही. मी घरी आले. पाळणा बांधला.

मुलगा पाळण्यातून निघाला, शाळेत जायला लागला. पहिलीच्या बाईंनी पालकांचा फॉर्म दिला. त्यात आईचं शिक्षण अशी एक रेघ होती. ती रेघ मी तीन दिवस कोरी ठेवली. मेसमध्ये प्राजक्ता म्हणून एक मुलगी जेवायला येते, तिने माझ्या हातात तो फॉर्म बघितला. म्हणाली, "मावशी, दहावी बाहेरून देता येते. सतरा नंबरचा फॉर्म असतो. मी भरून देते मोबाईलवर." मी नको नको म्हणत होते, पण हात तिला आधार कार्ड देत होता. फोटो झाला, सही झाली. मग ती म्हणाली, "आता शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत पाहिजे."

दाखला मी आणला होता. माझ्या मागे लागून मास्तरांनी तो दिला होता, 'पुढेमागे शिकशील' म्हणून. सासरी कुणी पाहून हसेल म्हणून तो मी ट्रंकेच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवला होता. आणि तो आत आहे हे विसरून ती ट्रंक मी विकली होती. सात वर्षांपूर्वी.

फॉर्मची मुदत आठ दिवसांवर होती. गावच्या शाळेत फोन लावला. तिथले म्हणाले, जुनं रजिस्टर शोधावं लागेल, समक्ष या, सापडलं तर दुसरी प्रत मिळेल. सापडलं तर. आमचे हे म्हणाले, "एकदा भाऊंना विचारून तर बघ, कुणाला विकली ते." मी म्हटलं, सात वर्षं कोण लक्षात ठेवतं? तरी गेले. नाही म्हणतील म्हणून रस्त्यातच डोळे पुसून घेतले.

"भाऊ, माझी एक ट्रंक होती," एवढंच म्हणाले.

भाऊ फॅनच्या पात्या पुसत होते. फडकं खाली ठेवलं. "आलीस व्हय," म्हणाले. "शिडी धर."

मला काही कळेना. मी शिडी धरली. भाऊ चढले. वर गेल्यावर एकेका वस्तूवरचा कागद सरकवत, जणू घरातली झोपलेली माणसं ओलांडत जावं तसे, हळूहळू पुढे सरकायला लागले. "हा जालना. बाप गेला, पोराला शेतावर जावं लागलं. ही कराड. तिला हितं करमलंच न्हाई. हा धुळं. चार विषय ऱ्हायलं, लाजून तोंड बी न्हाई दावलं, सामान दोस्तासंगं धाडलं." तेव्हा मला कळलं, माळ्यावर कुणाचं सामान आहे ते. शिकता शिकता मधेच गेलेल्यांचं. पास झालेल्यांचं खाली विकायला, आणि न झालेल्यांचं वर, ते परत येतील म्हणून.

एका टोकाला एक ड्रॉइंग बोर्ड उभा होता. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. त्याची चिठ्ठी खालूनही मला वाचता येत होती. गावाच्या जागी एकच शब्द, 'हितला'.

"भाऊ, हा कुठला?"

"लिवलंय की."

पुढे मी काही विचारलं नाही. नंतर ह्यांनी सांगितलं, तो भाऊंचा मुलगा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला वर्गातून उठून गेला. गुजरातला गाडी चालवतो. दिवाळीला फोन करतो.

भाऊंनी ट्रंक माझ्या हातात उतरवली. तिची चिठ्ठी पिवळी पडली होती. 'परभणी. नववी, पंधरा दिस. येनार.'

"भाऊ, तुम्ही उघडून पाहिली नाहीत?"

"दुसऱ्याची पेटी कशी उघडायची?"

"विकत घेतली होतीत ना."

"पेटी इकत घेतली. आतलं कुटं इकलंतंस तू?"

मी पुस्तकं काढली, कंपासपेटी काढली. तळाचं वर्तमानपत्र पत्र्याला चिकटलं होतं. मी ओढून फाडीन म्हणून भाऊंनीच ते नखाने एका कडेने सोडवलं. दाखला होता. कडा तांबड्या झालेल्या, पण नाव, जन्मतारीख, शिक्का, सगळं जागच्या जागी.

मी रडत होते आणि भाऊ कूलरवर बसून राहिले होते. मला वाटलं शिडी चढून दम लागला असेल. मग म्हणाले, "वर ठिवायला लय येळा चढलो. खाली द्यायला आज पयल्यांदा."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. पोळ्या लाटताना ओट्यावर सनावळ्या लावायची. प्राजक्ता समीकरणं समजवायची आणि मी पोळी करपवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी ह्यांना सांगून टाकलं, मी काही जात नाही, माझ्या निम्म्या वयाची पोरं बसणार, त्यांच्यात मी कुठे. सकाळी दार वाजलं. भाऊ. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात लिहायचं एक पॅड.

"हे सातारा," म्हणाले. "गनितात लय हुशार पोरगी हुती. हेच्यावर लिव. हे न्हाई चुकायचं."

"भाऊ, आज मराठीचा पेपर आहे."

भाऊ जरा विचारात पडले. "मंग आजच्या दिस तूच लिव," म्हणाले. "गनिताच्या दिशी ह्याला बघू दे."

मी हसले. हसले म्हणून चप्पल घालता आली. ते माझ्याबरोबर लोणावळ्याच्या केंद्रापर्यंत आले आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवर बसून होते. बाहेर आले तर नेहमीचा प्रश्न विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी तो विचारला नाही. "चहा घेतीस का?" एवढंच म्हणाले.

सगळे पेपर झाले. निकाल लागायचा आहे. रोज सकाळी गॅस बंद केला का बघते, मग मोबाईल बघते, मग पुन्हा गॅस. गणिताचं मला काही सांगता येत नाही. सातारा काय करेल तेवढं खरं. राहिलाच विषय तर पुन्हा बसेन, आता दाखला आहे.

ट्रंक सध्या आमच्या पलंगाखाली आहे. पण ती माझ्याकडे राहायची नाही. भाऊ, तुम्ही वाचणार नाही हे, कुणीतरी वाचून दाखवेल. ज्या दिवशी पास होईन त्या दिवशी ती ट्रंक मी स्वतः डोक्यावर घेऊन तुमच्या शेडमध्ये येईन. माळ्यावर ठेवायला नाही, खाली, दारातल्या गादीशेजारी, विकायला. जुन्या चिठ्ठीतलं 'येनार' खोडून 'आली' असं मी माझ्या हाताने लिहीन. कुणी नवी मुलगी लांबून आली, घाबरलेली दिसली, की तिला तुम्ही ह्या पेटीचं घराणं सांगायचं. आणि येता-जाता शिडी चढून त्या हितल्याचा बोर्ड मी पुसत जाईन, तुमचे गुडघे दुखतात म्हणून. तो बोर्ड त्याला खाली द्यायच्या दिवशी शिडी धरायला मी असेन, हा माझा शब्द.