टेंब्यांच्या डब्यांची शिफ्ट

श्रीकांतराव टेंबे डाव्या हाताने दाढी करू लागले, तेव्हा मनोरमाबाई काही बोलल्या नाहीत. ते डाव्या हाताने वरणभात खाऊ लागले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"चमचा घेतलाय तरी सगळं वरण शर्टावर. माझ्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर हातावर पळी बसली असती."

"अगं, मेंदूसाठी आहे हे," श्रीकांतराव हनुवटी पुसत म्हणाले. "उजव्या हाताचं काम डाव्याला दिलं की मेंदू जागा होतो. परवा मराठी मंडळात डॉक्टर सांगून गेले."

त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं साधंच. पालेभाज्या खा, अक्रोड-बदाम खा, जवसाची चटणी खा, रोज चाला, वेळेवर झोपा, चार माणसांत बसा, आणि मेंदूला रोज काहीतरी नवं करायला लावा. बाकीचे म्हातारे टाळ्या वाजवून, बटाटेवडा खाऊन घरी गेले. श्रीकांतरावांनी मात्र भोपाळच्या मोठ्या वीजयंत्रांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं देखभाल विभागात काढली होती. त्यांच्या लेखी सल्ला म्हणजे वेळापत्रक. दुसऱ्या दिवशी बाग सेवनियातल्या त्यांच्या घरी फ्रिजवर तक्ता लागला. सकाळी सात बदाम, सोलून. दोन अक्रोड. फिरायला जायचा रस्ता रोज वेगळा. बागेत पाच मिनिटं उलटं चालणं.

एवढी घाई करण्याचं कारणही होतं. महिन्यापूर्वी ते स्कूटर घेऊन भाजीला गेले होते, आणि मेथीची जुडी हलवत पायी परत आले होते. संध्याकाळी अंगणात स्कूटर दिसेना, तेव्हा त्यांनी चोरी झाली म्हणून गल्ली जागी केली. शेजारच्या दुबे भाभींना ती भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी सापडली. भाभींनी हे पुण्याला अमोलच्या कानावर घातलं. अमोल म्हणजे टेंब्यांचा एकुलता एक मुलगा. तो त्या दिवसापासून म्हणत होता, "आता बास. तुम्ही दोघं पुण्याला या. घर भाड्यानं देऊन टाकू."

हे घर मनोरमाबाईंनी वीट न् वीट उभी राहताना पाहिलं होतं. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर त्यांचा कढीपत्ता कुठे राहणार होता, कोण जाणे. आणि स्कूटरचं म्हणाल, तर त्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, न्यू मार्केटात साडीच्या दुकानात त्यांना बसवून श्रीकांतराव "आलोच" म्हणून गेले ते थेट क्वार्टरवर पोचले होते. तेव्हा स्कूटर घरी आली होती, बायको राहिली होती. आता बायको लक्षात होती, स्कूटर राहिली. मनोरमाबाईंच्या मते ही सुधारणाच होती.

पण तक्त्यावरचं शेवटचं कलम त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं, तेव्हा त्यांनाही घाम फुटला.

"डब्यांची शिफ्ट लावायची," श्रीकांतरावांनी सांगितलं. "ए, बी, सी. कारखान्यासारखी. रोज सकाळी शिफ्ट बदलली की साखर मिठाच्या जागी, मीठ रव्याच्या जागी. तुझ्या मेंदूलाही व्यायाम."

"माझ्या मेंदूला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून."

चाळीस वर्षं मनोरमाबाईंचे हात न बघता डब्यांपर्यंत जात होते. आता ते हात पाहुण्यासारखे बिचकू लागले. तरी चार दिवसांत तिन्ही शिफ्टा त्यांना तोंडपाठ झाल्या. श्रीकांतरावांना मात्र अजून तक्ता बघावा लागे.

आणि तेवढ्यात, काही न कळवता, शुक्रवारी सकाळी अमोल आला. दुबे भाभींनी पुन्हा फोन केला होता. "अंकल पार्क में उल्टे चल रहे हैं बेटा, और मुझे बाएँ हाथ से नमस्ते किया. मेरा तो जी घबरा गया."

अमोल फाटकात शिरला तर वडील उजव्या मनगटावर घड्याळ बांधून, घराकडे पाठ करून चालले होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"माहीत नाही," श्रीकांतराव आनंदाने म्हणाले. "आज नवा रस्ता आहे. जाईन तिकडे जाईन."

अमोलचा चेहरा पडला. त्याने वडिलांना दंडाला धरून आत आणलं. मनोरमाबाईंनी चहा ठेवला. त्या सकाळी श्रीकांतरावांनी शिफ्ट बदलली होती, पण मुलगा आल्याच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. अमोलने घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला.

"आई, यात मीठ आहे."

"मग सी शिफ्ट लागली असणार," मनोरमाबाई म्हणाल्या.

अमोलने बाहेर जाऊन सुरुचीला, म्हणजे बायकोला, फोन लावला. खिडकीतून ऐकू आलं. "सुनो, मामला सीरियस आहे. दोघंही." अमोल घाबरला की त्याची पुण्याची भाषा उतरून भोपाळची वर येत असे.

दोघांनी मिळून त्याला सगळं समजावून सांगितलं. तक्ता दाखवला. डॉक्टरांचं सांगितलं, शिफ्टचं सांगितलं, उलटं चालण्याचं सांगितलं. अमोल सगळं ऐकून मान हलवत होता, पण आजाऱ्याला "हो हो, बरोबर" म्हणताना हलवतात तशी.

शनिवारी त्याने मोबाइलवर बघून वडिलांची परीक्षा घेतली.

"बाबा, कागदावर घड्याळ काढा. पावणेचार वाजलेत असं."

श्रीकांतरावांनी शिस्तीत डाव्या हाताने काढलं. घड्याळाचा भोपळा झाला, आणि मिनिटकाटा भोपळ्याबाहेर गेला.

"आता पाच शब्द सांगतो, लक्षात ठेवा. साडी, घोडा, लिंबू, चष्मा, मंदिर."

दहा मिनिटांनी श्रीकांतरावांना चार आठवले. कपाळाला हात लावून ते पाचवा शोधत राहिले.

"लिंबू," स्वयंपाकघरातून मनोरमाबाईंचा आवाज आला.

"आई, तू सांगायचं नाही."

संध्याकाळी अमोलने जाहीर केलं, "उद्या अकरा वाजता घर बघायला माणूस येतोय. बँकेत आहे, फॅमिलीवाला आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबर."

रात्री श्रीकांतरावांनी बदाम भिजत घातले, पण मोजून नाही, नुसतेच मूठभर. मनोरमाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांना कधी नव्हे ती भीती वाटली.

रविवारी सकाळी अमोल म्हणाला, "पोहे तू कर, जिलबी मी आणतो." भोपाळचं हे वेड पुण्यातही गेलेलं नव्हतं.

"येताना लिंबू आण. पोह्यांवर पिळायला घरात नाहीये."

अमोल गेला तेव्हाच ऑफिसचा फोन चालू होता. आला तेव्हाही चालू होता. कानाला मोबाइल, हातात जिलबीचा पुडा, "हाँ, हाँ, मंडे को भेजता हूँ" असं म्हणत तो फाटकातून आत आला. मनोरमाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि मुकाट्याने लिंबाविना पोहे वाढले.

अकराला बँकेतला माणूस आला. नाव मनोहर. त्याने खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, कढीपत्ता पाहून "ये कटवा देंगे" म्हणाला. मग विचारलं, "गाड़ी कहाँ खड़ी होगी?"

"इथेच. बाबांची स्कूटर काढली की तुमची कार आरामात..." अमोलने अंगणाकडे हात केला. अंगण रिकामं होतं.

त्याने हळूच डोळे मिटून उघडले. "बाबा. परत?"

श्रीकांतराव उठून दारात आले. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला.

"अगं, मी नेली होती का गं?"

मनोरमाबाईंनी पदराला हात पुसले. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी या माणसाला खूप गोष्टी विसरताना पाहिलं होतं. स्वतःवर शंका घेताना आज पहिल्यांदा पाहत होत्या.

"अमोल, सकाळी जिलबी कोणी आणली?"

"मी."

"कशावरून गेला होतास?"

अमोलचा हात खिशाकडे गेला. स्कूटरची किल्ली खिशातच होती.

"आणि लिंबू?"

मनोहर एकदा आईकडे, एकदा मुलाकडे बघत होता. "किसकी तबीयत ख़राब बताई थी आपने?" त्याने हळूच विचारलं.

"तू जाऊन स्कूटर घेऊन ये," मनोरमाबाई अमोलला म्हणाल्या. "जिलबीवाल्याच्या दारात असेल. लिंबू सुट्टं मिळत नसेल तर चार आण. भाईसाब, आप बैठिए, चाय लेकर जाइए."

अमोल निघाला. मनोरमाबाई आत गेल्या. आज बी शिफ्ट होती, आणि बी शिफ्टला मीठ कुठे असतं हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. बँकेच्या माणसाने एक घोट घेतला, कप ठेवला, "सोच के बताता हूँ" म्हणाला, आणि पुन्हा कधी फिरकला नाही.

श्रीकांतराव हे सगळं दारातून पाहत होते. कपाटातून त्यांनी तिसरी वाटी काढली, रात्रीच्या भिजलेल्या बदामांतून सात बदाम तिच्यात टाकले, या वेळी मोजून, आणि वाटी अमोलच्या जागेवर ठेवली.

पाऊण तासाने स्कूटर फाटकात शिरली. अमोलने लिंबं टेबलावर ठेवली, वाटी पाहिली, आणि मान खाली घालून निमूटपणे एक बदाम सोलायला घेतला.

"डाव्या हातानं," श्रीकांतराव म्हणाले.