दोघांनीही उलटवलं

सकाळी आईंपुढे चहाचे दोन कप आले. एक मुलानं ठेवला, एक सुनेनं. कालपासून दोघांचा अबोला, त्यामुळे एकमेकांना विचारायची सोय नव्हती.

अबोला आकड्यावरून. एका गिऱ्हाइकाचं जुनं यंत्र मोडीत निघालं होतं. तेच यंत्र नव्या कॉम्प्युटरच्या पोटात, नुसत्या सॉफ्टवेअरचं, उभं करायचं होतं. आतल्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्ककडे माहिती मागणारा प्रोग्रॅम, तिचा; बाहेरची नकली डिस्क त्याची. आतलं यंत्र आकड्याचा थोरला भाग आधी मांडायचं, बाहेरचं धाकटा. तिनं एक नंबरचा कप्पा मागितला की डिस्क कोटीच्या घरातला कप्पा शोधायची आणि हात टेकायची. दोघांपैकी कुणीतरी एकानं आकडा उलटवायला हवा होता.

"आतल्यानं बाहेरच्याशी जुळवून घ्यावं," तो म्हणाला होता.

"लग्नापासून तेच करतेय," ती म्हणाली होती.

संपलं बोलणं.

आज अकराला गिऱ्हाईक बघणार होतं. यंत्र उठलं नाही तर काम दुसऱ्या टीमला, आणि वर्षभर लेकरासारखा वाढवलेला तिचा ड्रायव्हर कचऱ्यात. तिनं नमतं घेतलं. गुपचूप आकडा उलटवला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यानंही नमतं घेतलं.

गुपचूप.

उलट्याचं उलट. डिस्क पुन्हा कोटीत.

"तू काही केलंस का रे?"

"तुझं ऐकलं."

"अरे देवा. मी तुझं ऐकलं."

दोघंही विरघळले. इतके, की तिनं आपलं उलटवणं काढून टाकलं, "तुझं राहू दे" म्हणत. तोवर त्यानं आपलं काढलं होतं.

कोटी.

"काल भांडत होतात तेच बरं होतं," आई दुसरा कप संपवत म्हणाल्या. "एकानं तरी अडून बसा रे. दोघंही शहाणे झालात तर घर चालायचं कसं?"

अकराला थोडाच अवकाश होता.

"तू अड," ती म्हणाली.

त्यानं हाताची घडी घातली. "मी उलटवणार नाही. काय करायचं ते कर."

"उपकार झाले," ती अगदी मनापासून म्हणाली, आणि तिनं उलटवलं.

यंत्र उठलं. पडद्यापलीकडून गिऱ्हाइकानं आपल्या जुन्या फायली एकेक उघडून पाहिल्या. मग हळूच म्हणालं, "आमचंच आहे हो हे. थँक्यू."

तिनं टेबलाखालून नवऱ्याचा हात दाबला. मग आईंकडे वळली. "आई, तुमच्यामुळे झालं."

"ते असू दे. अकराचा चहा कुणी टाकलाय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तू टाकलास ना?"

आई उठल्या. "तिघांचा मीच टाकते. आता कुणी मदतीला येऊ नका."