एसेनकुलच्या बॅटरीचे आटे

एसेनकुलच्या विजेच्या सिगारेटचे आटे नेमके बायको परत यायच्या दिवशी गेले.

बुरमाकान मुलीच्या बाळंतपणासाठी बिश्केकला गेली, ती फाटकात बजावूनच गेली होती, "तुमच्या धुरानं माझी छाती भरलीय. सिगारेट सुटली तरच परत येईन. नाहीतर बसेन तिकडंच नातवाला झोके देत." तेव्हापासून त्याने खऱ्या सिगारेटला हात लावला नव्हता. मुलीने धाडलेली कांडी घेऊन तो जर्दाळूच्या झाडाखाली बाजेवर पडे. खाली बॅटरी, वर रसाची टाकी. दम मारला की खरबुजाच्या वासाची वाफ निघे आणि डोंगरावरच्या ढगांत जाऊन मिसळे, निदान त्याला तरी तसं वाटे. मग त्या ढगांत कुरणं दिसत, घोड्या दिसत, आणि एका घोडीचं दूध काढणारी, अजून लग्न न झालेली बुरमाकान दिसे. ती वळून बघणार, एवढ्यात वाफ विरे. तो पुन्हा दम मारी.

पण माणूस हाडाचा प्लंबर. काराकोलमधले निम्मे नळ त्यानेच बसवलेले. टाकी भरून बॅटरीवर चढवताना तो ती अशी पिळी, जणू तिच्यातून अख्ख्या गावाचं पाणी जाणार आहे. नाजूक आटे ते, सोसून सोसून किती सोसणार? त्या दिवशी टाकी नुसतीच गरगर फिरू लागली. वाफ नाही की वास नाही.

बुरमाकानची मिनीबस सूर्यास्ताला येणार होती. इकडे एसेनकुलला तलफ आली. शेजारच्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट त्याला भिंतीपलीकडून दिसू लागलं.

"आटे गेले तर काय करतात?" त्याने स्वतःलाच दरडावून विचारलं आणि उत्तरही दिलं, "ताग गुंडाळतात, वरून सफेद्याचा लेप लावतात."

आतल्या खोलीत बसून त्याने तेच केलं. सांधा असा झाला की थेंब गळायची बिशाद नव्हती. पण पाणी अडवणारा ताग वीजही अडवतो, हे त्याला आजवर कुठल्या नळाने शिकवलं नव्हतं. तो पिळत राहिला, ओढत राहिला. शेवटी आत कुठेतरी ठिणगी पडली आणि ताग धुमसू लागला. घरभर असा दर्प सुटला की त्यापुढे तंबाखू म्हणजे अत्तर.

कांडी पाण्यात बुडवून त्याने खिडक्या उघडल्या. वास हलेना. तेव्हा त्याला अर्चाच्या, डोंगरावरच्या त्या सुवासिक झाडाच्या, वाळक्या डहाळ्या आठवल्या. दृष्ट लागली, कुणी आजारी पडलं की घरोघर त्यांचीच धुरी देतात. त्याने तव्यावर त्या पेटवल्या आणि "अलास, अलास" म्हणत खोल्याखोल्यांतून फिरू लागला. धूर छपरातून निघालेला पाहून शेजारची तुर्सुनाई धावत आली.

"भाऊ, दृष्ट कुणाची काढताय?"

"घराची."

"घराला काय झालं?"

"एकटं होतं गं," एसेनकुल म्हणाला. खोटं बोलायला निघाला होता, तोंडून खरं निघालं. त्याचे डोळे भरून आले, थोडे धुराने.

तुर्सुनाईने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले, तव्यावर आणखी दोन डहाळ्या टाकल्या आणि तीही मागून "अलास" म्हणत फिरू लागली. आता खोलीत कुरणावरच्या धुक्याइतका धूर झाला. त्या धुक्यात दार उघडलं आणि बुरमाकान उभी राहिली. एसेनकुलला वाटलं, हीसुद्धा आता विरणार.

ती खोकली. म्हणजे खरीच होती.

"बघ गं, तुझ्यासाठी घर शुद्ध करतोय!" तुर्सुनाई म्हणाली. "असा नवरा मिळायला नशीब लागतं."

बुरमाकानने दीर्घ श्वास घेऊन वास पारखला. मग ती जवळ आली आणि त्याच्या मिशीत अडकलेला तागाचा जळका धागा अलगद काढून खिशात टाकला.

"हो ना," ती तुर्सुनाईला म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

तुर्सुनाई गेल्यावर एसेनकुल मान खाली घालून म्हणाला, "सिगारेट ओढली नाही गं. त्या कांडीचे आटे गेले."

"माहितीय. तीस वर्षं सांगतेय, जरा हलक्या हातानं घ्या." तिने पिशवीतून जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी काढली. ती जाताना त्यानेच बंद करून दिलेली, भरलेली तशीच. "जावयानं पक्कड लावली, व्याह्यांनी गरम पाण्यात बुडवली. हलली नाही. म्हटलं, चला, हिच्यासाठी तरी परत जायलाच हवं."

एसेनकुलने एका झटक्यात झाकण उघडलं. दोघं बाजेवर बसून बोटांनी मुरंबा खाऊ लागले. डोंगरावर ढग होते, पण त्याने वर पाहिलं नाही.

उरलेल्या मुरंब्याच्या बरणीचं झाकण मात्र त्याने जन्मात पहिल्यांदाच सैल लावलं. रात्रीतून मुंग्यांनी ती साफ केली.