आईची तेलाची बुधली

सायकलचा ब्रेक बसवायला मेकॅनिक कशाला हवा? दोन बोल्ट, एक नळी, थोडं तेल! मी बायकोला छाती ठोकून सांगितलं, "तू फक्त पेडल मार. थांबवायचं खातं माझ्याकडे!"

रविवारी तिची शर्यत होती. टेकडी चढायची आणि पलीकडच्या वळणांवरून खाली उतरायचं. घर, नोकरी आणि माझ्यासारखा नवरा सांभाळून तिने वर्षभर सराव केला होता. चढावर ती वाघीण, पण उताराची तिला धास्ती! म्हणून हे नवे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. लिव्हर दाबली की नळीतलं तेल पुढे सरकतं आणि दोन पॅड चाकाची तबकडी चिमटीत धरतात. मी सगळं व्हिडिओत पाहिलं होतं. घाई होती म्हणून दुप्पट वेगाने!

शनिवारी सकाळी चाक काढलं, ब्रेक बसवला आणि हौसेने लिव्हर दाबली. चाक नसताना ती दाबायची नसते, हे व्हिडिओच्या शेवटी होतं म्हणे. दोन्ही पॅड नवपरिणीत जोडप्यासारखे एकमेकांना चिकटले! त्यांची ताटातूट करायला स्वयंपाकघरातलं उलथणं आणावं लागलं. मग नळीतली हवा काढायला सिरिंज लावली, ती सटकली आणि तेलाची चिळकांडी थेट बाबांच्या वर्तमानपत्रावर!

"अग्रलेख तसाही कोरडाच होता," बाबा म्हणाले.

पण दुपारपर्यंत ब्रेक लागला! जरा कुरकुरत होता, इतकंच. "नवा आहे, रुळेल," असं म्हणून मी विजयी मुद्रेने आंघोळीला गेलो.

अंगाला साबण लावतो न लावतो तोच गल्लीतून आवाज आला, "अहोऽऽ! थांबत नाहीये हीऽऽ!"

टॉवेल गुंडाळून खिडकीत धावलो. बायको शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत सायकलसकट शिरली आणि चादर पांघरूनच पलीकडून बाहेर आली.

"अगं, मागितली असतीस तर घडी करून दिली असती!" काकू म्हणाल्या.

बायकोला खरचटलं नव्हतं. पण ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी नाही जात उद्या." मला फार वाईट वाटलं. ती चिडली असती तर परवडलं असतं.

"हवा राहिली असेल नळीत," मी म्हणालो. पुन्हा सिरिंज, पुन्हा तेल, पुन्हा पुसापुशी. या वेळी मीच बसलो सायकलवर. काकूंनी उरलेल्या चादरी काढून घेतल्या होत्या, त्यामुळे मला कुंपण मिळालं.

कोपर चोळत परत आलो, तर दारात आई उभी. "तेल कमी पडलं का रे? अजून दोन थेंब घालू?"

"अजून? आई, तू तेल कुठे घातलंस?"

"त्या चकचकीत तबकडीवर! तू आंघोळीला गेलास आणि ती बिचारी किती कुरकुरत होती!"

आमच्या घरात जे कुरकुरेल त्याला आई शिवणयंत्राच्या बुधलीतलं तेल घालते. दार, पंखा, एकदा तर बाबांची चप्पल!

"अगं, ब्रेक घासला तरच लागतो! तेलाने तो घसरतो!"

"मग आधी सांगायचं! मला काय स्वप्न पडतं?"

तबकडी स्पिरिटने पुसली. धावत जाऊन नवे पॅड आणले, बसवले, आणि आधी चाक लावून मगच लिव्हर दाबली. सायकल जागच्या जागी थांबली, पण अशी किंचाळली की काकू गॅलरीत आल्या.

"थांबते ना?" बायको उठली. "मग ओरडू दे!"

रविवारी आम्ही सगळे उताराच्या टोकाला उभे होतो. बायको दिसायच्या आधी ब्रेक ऐकू आला! प्रत्येक वळणावर ती किंकाळी आणि पुढचे स्पर्धक दचकून बाजूला! तिसरी आली माझी बायको! तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. वर्षभरात तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आम्ही पदकासह फोटो काढून वळलो, तर आई सायकलपाशी वाकलेली. पर्समध्ये बुधली परत ठेवत ती म्हणाली, "आख्ख्या टेकडीला ऐकू जात होतं गं! आता बघ, घरापर्यंत हूं की चूं करणार नाही!"

घर टेकडीच्या पलीकडे. पदक, बायको, आई आणि बाबा बसने गेले. मी सायकल हाताने ढकलत टेकडी चढलो आणि उतरलो.

आई म्हणाली तसंच झालं. सायकलने हूं की चूं केलं नाही. मीही नाही!